स्लॅबचा बाण

गेल्या आठवड्यात एका इटालियन इमारतीच्या भारचाचणीचा अहवाल इंग्रजीत करायला आला. चौदा पानं, त्यातली नऊ नुसत्या तक्त्यांची. तक्त्यात मागचंपुढचं वाक्य नसतं, त्यामुळे तोच जास्त छळतो. 'लूचे: 5,40 मी.' लूचे म्हणजे उजेड. पहिल्या वर्षी मी बेधडक 'लाइट' लिहून मोकळी झाले होते आणि क्लायंटच्या इंजिनिअरने 'हा दिवा कुठे लावायचा?' असं विचारलं होतं. इथे लूचे म्हणजे दोन आधारांमधलं मोकळं अंतर, आपला स्पॅन.

त्याच्याच खालच्या ओळीत फ्रेच्चा, म्हणजे बाण. भाराखाली स्लॅब जेवढा खाली वाकतो, तो त्याचा बाण. वाकलेला स्लॅब हे धनुष्य, मूळची सरळ रेषा ही दोरी, मधलं अंतर हा बाण. हसू नका, शाळेत आपण वर्तुळात जी जीवा काढायचो तीही धनुष्याची दोरीच, आणि लीलावतीत भास्कराचार्य या अंतराला शर म्हणतात. मी इंग्रजीत डिफ्लेक्शन लिहिलं. चरफडत.

चाचणी साधी असते. स्लॅबवर मोठ्या पिशव्या पसरून पाणी भरायचं. 30 सेंमी पाणी म्हणजे चौरस मीटरला 300 किलो. खालून कोम्पारातोरे लावायचे, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारे डायल गेज. (कम्पॅरेटर लिहिलंत की फसलात.) इथे बाण 1,84 मिमी, पाणी काढल्यावर उरला 0,12. त्या स्वल्पविरामांचे टिंब करताना मी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवते, कारण इटलीत 1.250 म्हणजे साडेबाराशे.

खरा दिवस खाल्ला तो कोल्लाउदो या शब्दाने, म्हणजे बांधलेली इमारत तपासून मान्य करण्याचं काम. 1971 च्या 1086 क्रमांकाच्या कायद्यात हे काम करणारा माणूस किमान दहा वर्षं नोंदणी असलेला अभियंता किंवा वास्तुविशारद लागतो, आणि त्या इमारतीच्या आराखड्यात, देखरेखीत, बांधणीत त्याचा हात नसावा लागतो. तो कागद तपासतो, इमारत पाहतो, वाटलं तर भारचाचणी करायला लावतो आणि शेवटी सही करतो. इन्स्पेक्शन म्हटलं तर सही निसटते. टेस्टिंग म्हटलं तर अहवालाचं शीर्षकच 'चाचणीसह चाचणी' होतं. लॅटिन मूळ शोधलं तर निघालं, स्तुती करणे!

बाबा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. वाळूच्या गोण्या रचून चाचण्या घेतलेला माणूस. चहा पिता पिता त्यांनी आकडे पाहिले.

"एवढाच राहिला ना मागे? मग स्लॅब पास."

"हो, पण त्या शब्दाला इंग्रजीत काय लिहू?"

"पास लिही की."

मी 'स्टॅटिक ॲक्सेप्टन्स' लिहिलं, खाली तीन ओळींची टीप जोडली आणि अहवाल पाठवला. क्लायंटचं उत्तर आलं: टीप काढता येईल का, पान पुढे सरकतंय.