पुतळा कुणाचा?

आज गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो'मध्ये जेवलो. तिथे टेबलाशी कुख्यात खुनी चार्ल्स शोभराजचा पुतळा बसवलाय. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढतात. एका पोराने विचारलं, "हा कोण हिरो?" बापाने मोबाईलमधून मान वर न करता सांगितलं, "होता कुणीतरी फेमस!"

मला मात्र तिथे दिसत होते मधुकर झेंडे. आपल्या मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर. 1971 मध्ये त्यांनी शोभराजला मुंबईत एकदा पकडलं होतं. 16 मार्च 1986 ला पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून पळाला आणि झेंडे पुन्हा मागावर निघाले. मोबाईल नाही, सीसीटीव्ही नाही. होती ती चेहऱ्याची पक्की ओळख आणि ठाण मांडून बसायची चिकाटी. 6 एप्रिलच्या रात्री हा गडी याच हॉटेलात आला. झेंडेंनी त्याला सरळ मिठीच मारली. बेड्या नव्हत्या, म्हणून दोरी मागवून बांधला म्हणे!

एवढा थंड डोक्याचा खुनी, आणि पकडला कसा? मिठी मारून! मला तर हे कुठल्याही एन्काउंटरपेक्षा भारी वाटतं.

पुतळ्याने धंदा होतो, मान्य. पण शेजारी झेंडेंचा एक साधा फोटो लावायला काय हरकत आहे? त्या पोराला मग मीच सगळी गोष्ट सांगितली. त्याचा पहिला प्रश्न, "काका, दोरी कुठून आणली?"