उजव्या छातीवरची मेडलं

साताऱ्यात माझं जुने फोटो साफ करून, मोठे करून द्यायचं दुकान आहे. या जिल्ह्यात हे काम करायचं म्हणजे वर्दीतला आजोबा-पणजोबा रोज काउंटरवर येणारच. त्यातले सगळेच लष्करातले असतात असं नाही. ‘आमचे आजोबा मिल्ट्रीत होते’ म्हणून आलेला फोटो भिंग लावून पाहिला की कधी पोलीस निघतो, कधी रेल्वेचा गार्ड, एखादा संस्थानी बँडवालासुद्धा. घरच्यांचा चेहरा पडतो. मला विचाराल तर बँडवाल्याची वर्दी जास्त देखणी.

हा फोटो मात्र पक्का लष्करी होता. साठीच्या मावशी आणि त्यांचा पुतण्या घेऊन आले होते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचा उठावाचा शिक्का, त्यातलं ‘बेळगाव कॅम्प’ एवढंच वाचता येत होतं. काचेवर हाराच्या दोऱ्याचे डाग. गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक नीट करायचं ठरलं होतं आणि ग्रामपंचायतीनं घरोघरी फोटो मागितले होते.

“ह्ये आमचं थोरलं आजोबा,” मावशी म्हणाल्या. “कूतच्या येढ्यात गेलं. १९१६ साली.”

कूत-अल-अमारा, इराकमधलं. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिथं इंग्रजी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढलं होतं, आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं फौज शरण गेली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. तेव्हा गोष्ट खरी वाटण्यासारखीच होती.

फोटो स्कॅनरवर घातला. मी आधी मेडलं बघतो, कारण चेहरा खोटं बोलू शकतो, मेडलांना साल असतं. इथं तीन होती. पहिलं चार टोकांचं, मधे आडव्या-तिडव्या तलवारी. दुसरं गोल, सरळ आडव्या दांडीला टांगलेलं. तिसरंही गोल, पण कडीतून ओवलेलं. ही तिन्ही पहिल्या महायुद्धाची नेहमीची मेडलं: १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. रिबिनींच्या रंगावर मी फारसा विसंबत नाही. त्या काळच्या फोटोच्या बऱ्याच काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, तो काळा यायचा, आणि निळा पांढुरका. आकार मात्र फसवत नाहीत. मुंबईच्या एन्लार्जमेंटवाल्यांनी वरून रंगवलेली मेडलंही मी पाहिलीत, म्हणून ब्रशचे फटकारे शोधले. नव्हते.

आणि इथंच घोळ झाला. स्टार १९१८ च्या अखेरीस जाहीर झाला, बाकीची दोन १९१९ मध्ये. १९१६ ला गेलेला माणूस ती छातीवर लावून स्टुडिओत उभा राहणार कसा?

पुतण्या म्हणाला, “मग ते मेले नसतील? कैदेतून परत आले असतील?”

तसंही झालं असतं. पण दुसरी गोष्ट मला खटकत होती. मेडलं उजव्या छातीवर होती. मेडल डावीकडे लावतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. असं दिसलं की पहिला संशय प्रिंटवर जातो. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की माणूस आरशात दिसतो तसा येतो. म्हणून बटणं पाहिली. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, इथंही तशीच होती. चामड्याचा पट्टाही उजव्या खांद्यावरूनच तिरका उतरला होता. प्रिंट सरळ होती.

म्हणजे मेडलं मुद्दाम उजवीकडे लावलेली. इंग्रजी फौजेत अशी रीत होती की स्वतःचं मेडल डावीकडे आणि वारलेल्या नातेवाइकाचं उजवीकडे. या माणसाची डावी छाती कोरी होती.

खांद्यावरच्या पितळी अक्षरांवर आलो. खालचा शब्द पुसट, पण वर एकच आकडा, पाच, आणि तो सुलटा. ११७ सारखे तीन आकडी क्रमांक १९२२ च्या फेररचनेत गेले; सहा जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. फोटो त्यानंतरचा. बाहीवर तीन फिती, म्हणजे हवालदार.

“मावशी, थोरल्या आजोबांना भाऊ होता का लष्करात?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “धाकलं व्हते की. आमच्या बापाला त्यांनीच तर वाढवलं. पर त्येंचा फोटू न्हाई घरात.”

मी काही बोललो नाही. त्यांनीच स्क्रीनजवळ तोंड नेलं.

“ह्ये धाकलं हाईत व्हय? आन आमी शंभर वर्सं थोरलं म्हून हार घालतोय?” मग जरा थांबून, “आजीनंच सांगितलं आसंल त्येंला. मालकाची मेडलं घालून फोटू काढा म्हून.” हा त्यांचा अंदाज, पण मला तरी पटला. सरकारनं मेडलं धाडली ती थोरल्याच्या बायकोकडे. घालायला घरात वर्दी धाकट्याचीच होती.

घरी मेडलं आहेत का विचारलं. पुतण्या दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून घेऊन आला. दोनच. ब्रिटिश वॉर मेडल नव्हतं, आणि ते नसतंच बहुतेक घरांत. शिपायांना ते चांदीचं मिळालं होतं, त्यामुळं कुठल्यातरी वाईट साली ते सोनाराच्या मुशीत गेलेलं असतं. काशाच्या मेडलांना कोण विचारतो, म्हणून ती राहतात. आणि अशी राहिलेली मेडलं फार कामाची. स्टारच्या पाठीवर आणि व्हिक्टरीच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कड मऊ ब्रशनं साफ केली (पितांबरी लावू नका, अक्षरं झिजतात) आणि भिंगाखाली फिरवली. नावाचं स्पेलिंग साहेबानं कानानं लिहिलेलं, पण ओळखू येत होतं. थोरल्याचंच. शिपाई, ११७ मराठा.

पुतण्यानं फोनवर बोटं फिरवत विचारलं, “दादा, हल्ली एआयनं होतं ना? धाकट्यांच्या चेहऱ्यावरून थोरल्यांचा करून द्या. भाऊच होते, सारखेच दिसत असतील.”

नाही म्हणालो. पैसे चांगले मिळाले असते. पण इराकच्या लढाईत गेलेल्यांचं जे स्मारक बसऱ्याला आहे, त्यावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसती संख्या घातली. तिथं नाव नाही, आणि इथं मी त्याला बनवलेलं तोंड द्यायचं, हे काही मनाला येईना. तसं त्याला सांगितलं. तो जरा नाराज झाला.

मावशींचं ठरलं होतं. स्मारकाच्या बोर्डासाठी मी दोन मेडलांचा, त्यातल्या एकाच्या कडेवरची अक्षरं वाचता येतील असा, फोटो काढून दिला. खाली थोरल्याचं नाव, नंबर आणि पलटण. आणि धाकट्याचा फोटो साफ करून मोठा केला, घरच्या भिंतीसाठी. खाली काय लिहायचं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “हवालदार ल्ह्या आधी. त्ये ऱ्हायलंय आजवर.”