३७-३६

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाऊस, सिंकमध्ये भांडी तशीच, आणि मी मोबाईलवर १९९१ ची नेटबॉलची फायनल बघत बसलेय, तीही दुसऱ्यांदा. उद्या डोळे सुजणार हे माहितीये.

झालं असं की लेक संध्याकाळी शाळेतून नेटबॉलचा बिब (टी-शर्टवर घालायचा तो) घेऊन आली, त्यावर डब्ल्यूडी, म्हणजे विंग डिफेन्स, ही तिची जागा लिहिलेली, टीममध्ये घेतलंय म्हणे. तिचा बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाला, हे बास्केटबॉलच ना, फक्त मागचा बोर्ड नसतो? झालं, माझं डोकं सटकलं. अहो ड्रिबल नाही यात, बॉल हातात आला की तीन सेकंदात सोडायचा, समोरचीपासून तीन फूट लांब राहायचं, गोल करायला सातजणींत फक्त दोघींनाच परवानगी, आणि हे म्हणतात बोर्ड नसलेलं बास्केटबॉल. मग पुरावे शोधायला मोबाईल घेतला तर काय, ऑस्ट्रेलियात १९७० पर्यंत या खेळाचं अधिकृत नावच विमेन्स बास्केटबॉल होतं! हे अर्थात मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

शोधता शोधता ऑस्ट्रेलियाची जुनी खेळाडू जॉइस ब्राऊन सापडली. मी स्वतः चार वर्षं हा खेळ खेळलेय आणि ही बाई मला माहितीच नव्हती, लाजच वाटली.

पहिली वर्ल्ड टूर्नामेंट १९६३ ला, इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नला. त्याआधी सगळा सावळागोंधळच, प्रत्येक देशाचे नियम वेगळे, न्यूझीलंडच्या बायका नऊ-नऊ जणींच्या टीमने खेळायच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या सात. १९३८ ला मेलबर्नला या दोघींची मॅच झाली ती सातच्या नियमाने, न्यूझीलंड ४०-११ ने हरलं, हरणारच ना, दोन माणसं कमी झाल्यावर आख्खं कोर्ट वेगळं दिसतं. शेवटी १९६० ला सगळ्या एकत्र बसल्या आणि नियम एक केले, आणि कुठे बसल्या तर कोलंबोत! म्हणजे आपल्या अगदी शेजारी. ६३ च्या टूर्नामेंटला सिलोनची, म्हणजे आत्ताच्या श्रीलंकेची, टीम होतीसुद्धा. आपण नव्हतो.

तर ईस्टबोर्नला अकरा टीम, उघड्या मैदानात मॅचेस, फायनल वगैरे प्रकारच नाही, प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं. जॉइस ब्राऊन ऑस्ट्रेलियाची कॅप्टन. एकही मॅच हरल्या नाहीत. न्यूझीलंडसोबतची ३७-३६. एका गोलने वर्ल्ड चॅम्पियन.

आणि समोरच्या टीममध्ये कोण, तर लोईस म्युअर. ही न्यूझीलंडकडून बास्केटबॉल पण खेळलेली (खरंखुरं, बोर्डवालं). एका गोलने हरलेल्या टीममधली बाई. मला खरं तर हिचाच विचार जास्त येतोय, कारण एक गोल म्हणजे काय हे मला माहितीये. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सेमीफायनलला मी जीडी, म्हणजे गोल डिफेन्स, शेवटची दोन मिनिटं, बरोबरी, आणि शूट करणाऱ्या पोरीच्या मी तीन फुटांच्या आत उभी. शिट्टी. पेनल्टी म्हणजे मी तिच्या बाजूला नुसतं उभं राहायचं, हात वर करायचा नाही, हलायचं नाही, आणि बॉल रिंगमधून जाताना बघायचा. आम्ही एकाने हरलो. मला अजूनही वाटतं तीन फूट होते. असो. त्यानंतर मी बॉलला हात लावला नाही, आधी परीक्षा होती, मग नोकरी, मग लग्न, कारणं काय हवी तेवढी मिळतात.

म्युअरबाईंनी काय केलं, तर १९७४ ला न्यूझीलंडच्या कोच झाल्या आणि १९८८ पर्यंत राहिल्या. आणि १९७५ ची वर्ल्ड टूर्नामेंट ऑकलंडला, म्हणजे यांच्या घरच्याच कोर्टवर, तर ऑस्ट्रेलियाची कोच कोण? जॉइस ब्राऊन! आता दोघी साइडलाइनला. ऑस्ट्रेलिया पहिली, न्यूझीलंड घरात खेळून तिसरं. ७९ ला पोर्ट ऑफ स्पेनला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि त्रिनिदाद-टोबॅगो तिघी मिळून चॅम्पियन, असा निकाल मी कुठल्याच खेळात ऐकला नव्हता. ८३ ला सिंगापूरला पुन्हा ब्राऊन कोच, पुन्हा ऑस्ट्रेलिया. मग १९८७, ग्लासगो, म्युअरच्या टीमने वर्ल्डकप एकटीने घेतला, कुणाबरोबर वाटून नाही. त्या ३७-३६ नंतर चोवीस वर्षांनी. इथे मी फोन बाजूला ठेवून उगाच गॅलरीत जाऊन आले.

आणि मग ही ९१ ची फायनल, सिडनी. पंतप्रधान बॉब हॉक प्रेक्षकांत. ऑस्ट्रेलियाची कोच पुन्हा ब्राऊनच, समोर पुन्हा न्यूझीलंड. म्युअर तेव्हा कोच नव्हती, ते एक बरंच म्हणायचं. ५३-५२, काही सेकंद उरलेले, बॉल न्यूझीलंडकडे, एक गोल झाला की बरोबरी, आणि रोझली जेन्की मधेच झेप घालून पास पकडते. संपलं. कॅप्टन म्हणून एका गोलने आणि अठ्ठावीस वर्षांनी कोच म्हणूनही एकाच गोलने. सिनेमात दाखवलं असतं तर मी म्हणाले असते, काहीही दाखवतात.

आता ऑस्ट्रेलियात वर्षातल्या बेस्ट कोचला अवॉर्ड देतात ते ब्राऊनच्याच नावाने. छान आहे. पण मी दोन्ही वेळा तो शेवटचा पास बघताना जेन्कीकडे बघतच नव्हते, जिने पास टाकला तिच्याकडे बघत होते. हात अजून पुढेच होते तिचे.

पोरीला उद्या सहाला ग्राउंडवर सोडायचंय. मी खाली थांबणार नाही असं तिला सांगितलंय, आईने बघितलं की तिला टेन्शन येतं म्हणे. स्पोर्ट्स शूज मात्र मी आत्ताच माळ्यावरून काढून ठेवलेत, सोल निघालाय डाव्याचा, फेविक्विक लावून बघते.