भाग ४ मधला हरवलेला ‘स’: लिसनिंगची नोंद, आठवडा ११

आयेल्ट्स (IELTS, इंग्रजीची परीक्षा) च्या लिसनिंगमध्ये गाडी ४० पैकी २८ वरच अडकली आहे. सलग तिसरा मॉक (सराव परीक्षा), आणि चुकलेल्या १२ पैकी ५ उत्तरांत शब्द बरोबर, फक्त शेवटचा ‘स’ नाही. वाक्याला ‘सॅम्पल्स’ हवं असताना ‘सॅम्पल’ लिहिलं तर आयेल्ट्समध्ये अर्धा गुण वगैरे काही मिळत नाही. लिसनिंगला ४० पैकी ३० आले की साधारण ७ बँड (आयेल्ट्सची गुणश्रेणी), म्हणजे हे ५ ‘स’ किती महागात पडतायत ते सांगायला नको. रीडिंगच्या टायमिंगचं ठरलेलं वेळापत्रक बाजूला ठेवलं. आठवडाभर फक्त ‘स’.

डिक्टेशनची पद्धत जुनीच. लिसनिंगच्या शेवटच्या भागातली, म्हणजे भाग ४ मधली २० सेकंदांची क्लिप. पहिल्यांदा पेन खाली, दुसऱ्यांदा लिहायचं, तिसऱ्यांदा गाळलेलं भरायचं, मग ट्रान्सक्रिप्टशी (बोललेल्याच्या छापील मजकुराशी) ताडून लाल खुणा. खुणांचे आधीचे गट (ध म्हणजे ध्वनी निसटला, श म्हणजे शब्दच माहीत नाही, ल म्हणजे लक्ष गेलं, स्पे म्हणजे स्पेलिंग) पुरेनासे झाले, कारण ‘ध’ नुसता फुगत होता. त्याचे तीन तुकडे केले: ध१ शेवटचा ‘स’, ध२ भूतकाळाचा ‘ड’ किंवा ‘ट’, ध३ ‘ऑफ, टू, हॅव, अ’ ही पुटपुटली जाणारी मंडळी. अंदाज होता की ध३ सर्वांत मोठा निघेल. निघाला ध१.

आता कानाला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासायची राहिली होती, आणि ती आधीच तपासली असती तर दोन आठवडे वाचले असते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ट्रॅकच्या नावावर क्लिक करून वेव्हफॉर्मऐवजी स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) निवडा. ‘स’ आला की पट्टीच्या वरच्या भागात धुरकट, उजळ ढग दिसायला हवा. आपल्या क्लिपांमध्ये ४,००० हर्ट्झच्या वर सरळ काळोख! त्या क्लिपा कधीतरी व्हॉइस नोटसारख्या आकुंचित होऊन आल्या होत्या. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली ते) ८,००० हर्ट्झ. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतच आवाज साठवता येतो, म्हणजे इथे ४,००० पर्यंत. ‘स’चा जोर मात्र बहुतेक त्याच्या वरच असतो. तो कापला गेला की ‘स’, ‘फ’ आणि ‘थ’ तिघेही एकसारखा उसासा टाकतात. अशी फाइल ४४,१०० वर पुन्हा एक्सपोर्ट केली तरी गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी जाड होते.

मूळ फाइलींवरून क्लिपा नव्याने कापल्या. ध१ च्या ९ खुणांपैकी ४ कसलाही सराव न करता पुसल्या गेल्या. हा आनंद साठवून ठेवण्यासारखा आहे.

याच सुमारास दुसरी कटकट: ३ सेकंदांच्या लूपमध्ये पहिलं अक्षरच खाल्लं जात होतं. कारण ब्लूटूथ. शांतता आली की बरेचसे इअरफोन झोपतात आणि जागे होईपर्यंत अर्धा शब्द निघून जातो. क्लिपच्या आधी कोरी शांतता जोडून उपयोग नाही, कारण झोप शांततेतच लागते. वायरवाला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावा. डिक्टेशनला ब्लूटूथ नकोच असं आता स्पष्ट मत आहे. वेग कमी करायचाच तर ऑडॅसिटीतला ‘चेंज टेम्पो’ वापरा. ‘चेंज स्पीड’ने पट्टी उतरते आणि वक्ता गुहेतून बोलू लागतो.

उरलेल्या ५ खुणा खऱ्या होत्या. त्यांत तीन सापळे दिसले.

‘स्टुडंट्स स्टडी’मध्ये दोन ‘स’ मिळून एकच लांबट ‘स’ होतो; थांबा येतच नाही. ‘सॅम्पल्स शोड’मध्ये शेवटचा ध्वनी पुढच्या ‘श’मध्ये विरघळतो. ‘टेस्ट्स’ आणि ‘कॉस्ट्स’मध्ये मधला ‘ट’ गळून ‘टेस्स’, ‘कॉस्स’ राहतं, आणि घाईत ते एकवचनासारखं वाटतं. शिवाय अनेकवचनाचा हा ‘स’ बऱ्याचदा खरं तर ‘झ’ असतो. मराठी कान तिथे ‘झाड’मधला खणखणीत ‘झ’ शोधतो, पण इंग्रजीत शब्दाच्या टोकाला तो अर्धा विझलेला असतो. ओळखायचा असेल तर आधीच्या स्वराची लांबी ऐका: ‘प्राइझ’मधला ‘आइ’ ‘प्राइस’मधल्यापेक्षा चांगलाच लांब असतो.

एवढं करूनही काही ‘स’ ऐकू येणारच नाहीत, कारण ते नीट उच्चारलेच जात नाहीत. इथे कान सोडून व्याकरण धरायचं. भाग ४ ला मध्ये थांबा नाही, दहाही प्रश्न सुरुवातीलाच वाचावे लागतात. तेव्हा प्रत्येक गाळलेल्या जागेशेजारी एक खूण: ए (एकवचन), अ (अनेकवचन) किंवा प्रश्नचिन्ह. जागेआधी इंग्रजी आर्टिकल ‘a’ किंवा ‘an’ असेल तर ए. नंतर ‘आर’, ‘वेअर’ किंवा आधी ‘मेनी’, ‘सेव्हरल’ असेल तर अ. प्रश्नचिन्ह असेल तर वक्त्याच्या पुढच्या वाक्यात ‘इट’ येतं की ‘दे’, त्यावर कान ठेवायचा. ‘दे’ क्वचितच गिळला जातो. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, त्यात ही अक्षरं पुन्हा ताडता येतात. संगणकावर शेवटी २ मिनिटंच, म्हणून तिथे उत्तर टाइप करतानाच निकाल लावा.

रीडिंगबद्दल थोडक्यात. तिथे ‘स’ डोळ्यांसमोर असतो, तरी नकलताना सुटतो. पॅसेजमधून शब्द घ्यायचा असेल तर जसाच्या तसा, शेपटीसकट. रीडिंगला उतरवण्यासाठी वेगळा वेळ नाही, ६० मिनिटांतच सगळं. ‘नॉट गिव्हन’ (पॅसेजमध्ये माहितीच नाही) या उत्तराचा घोळ पुढच्या वेळी, त्याचे ‘फॉल्स’शी होणारे गोंधळ अजून मोजायचे आहेत.

लिहिता लिहिता एक सुचलं, आणि पुढचा बेत त्यानेच बदलतोय. नवा मॉक पुढे ढकलायचा. वाचून झालेल्या ट्रान्सक्रिप्टमधले अनेकवचनाचे सगळे ‘स’ आणि क्रियापदांचे ‘ड’ आधी हाताने खोडायचे (फाइंड-रिप्लेसने नको, ‘धिस’ आणि ‘बस’सुद्धा शेपटी छाटून बसतील). दोन दिवसांनी ऑडिओ न लावता, नुसतं वाचून ते परत भरायचे. जे व्याकरणावरून भरता आले त्यांच्यासाठी कान शिणवायचा नाही. जे आले नाहीत त्यांच्याच ३ सेकंदांच्या क्लिपा अँकीत (फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपमध्ये) टाकायच्या, पुढे ट्रान्सक्रिप्टचा तुकडा, मागे फक्त ‘ए’ किंवा ‘अ’. म्हणजे एकाच मजकुरावर रीडिंग आणि लिसनिंग दोन्ही. पहिला ट्रान्सक्रिप्ट खोडून झालाय: ६१ शेपट्या. भरणं परवा.