बोया, कडी आणि नांगर: केरीच्या समुद्रातला माझा अनुभव

गरीने मासे मारणाऱ्याचा निम्मा दम मासळीवर खर्च होत नाही, तो नांगरावर होतो. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या केरीहून होडी बाहेर काढली की तेरेखोलच्या किल्ल्यासमोरून पुढे जायचं, पाच-सहा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी मिळालं की नांगर टाकायचा. मासळी लागली तर उत्तम. नाही लागली तर नांगर उचला, शंभर हात पुढे जा, परत टाका. सहा वाव पाण्यात चांगला वीस-पंचवीस वाव दोर सोडावा लागतो, त्याशिवाय नांगर आडवा पडून धरत नाही. तो सगळा दोर, मागून साखळी, तिच्या टोकाला चिखलात रुतलेला नांगर, आणि हे सगळं सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, ओढीविरुद्ध खेचायचं. मणक्याच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी वाकून ओढायला मनाई केली, तेव्हा मी बोया (पाण्यावर तरंगणारा हवेचा गोळा) आणि कडीच्या मागे लागलो.

युक्ती अशी आहे. मोठ्या बोयाला एक पोलादी कडी बांधायची आणि ती नांगराच्या दोरात अडकवायची, दोरावरून मोकळी सरकेल अशी. मग होडी नांगराच्या पुढे हाकायची. पाणी बोयाला मागे लोटतं, दोर कडीतून सरकत राहतो आणि नांगर तळ सोडून बोयाच्या दिशेने वर येऊ लागतो. इंजिन ओढतं, बोया उचलतो, आपण फक्त सुकाणू धरायचं.

सगळं अवलंबून आहे बोयाच्या आकारावर. होडीत माझ्याबरोबर आमचे शेजारी बापू असतात. सत्तरी ओलांडलेली, पण अजून माझ्यापेक्षा जोरात वल्हवतात. त्यांनी ट्रॉलरच्या जाळ्याचा एक जुना गोळा काढून दिला, "ह्या घे, पैशे कित्याक घालतंस?" म्हणाले. वीस सेंटिमीटर व्यासाचा. त्याचं आकारमान साधारण ४ लिटर, म्हणजे उचल फार तर ४ किलोची, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा. माझा नांगर ५ किलोचा, त्याला ८ मिलिमीटरची ४ मीटर साखळी. ती मीटरला १.४ किलो धरली तरी साडेपाच किलो होते. पाण्यात लोखंडाचं वजन थोडं कमी भरतं, तरी नऊ-सव्वानऊ किलो उचलायचेच. ३० सेंटिमीटरचा बोया १४ किलो उचलतो, म्हणजे जेमतेम. ४० सेंटिमीटरचा ३३ किलो उचलतो. व्यासात दहा सेंटिमीटरचा फरक, उचलीत दुपटीहून जास्त. हा हिशेब कागदावर मांडला आणि बेतीहून ४० सेंटिमीटरचा नारिंगी, हवा भरायचा बोया आणला. बापूंनी तो पाहिला आणि विचारलं, "ह्या काय खेळणा हाडलंस रे?"

कडी म्हापशाला वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. ८ मिलिमीटरचा ३१६ ग्रेडचा स्टेनलेस गज, आतला व्यास सुमारे दहा सेंटिमीटर. वेल्डिंगचा सांधा त्याच्यासमोर बसून गुळगुळीत घासून घेतला. कारण एवढासा काटा राहिला तरी तो दर वेळी दोराचे तंतू कापत जातो. माप ठरवताना नांगरच सोबत नेला होता. कडीतून साखळी, शॅकल (साखळी नांगराला जोडणारी खिळीची कडी) आणि नांगराचा दांडा जायला हवा, फाळ, म्हणजे तळात रुतणारी पाती, मात्र जाता कामा नये. शिवाय दोर आणि साखळीच्या जोडावर गाठ नको. गाठ कडीत अडकली तर नांगर तिथेच लटकतो. तो जोड बापूंनी दोराचे पेड उलगडून साखळीच्या कडीत गुंफून दिला. त्या कामात त्यांनी माझी जी हजेरी घेतली ती इथे लिहीत नाही.

साखळीबद्दल आणखी एक. नुसता दोर आणि नांगर असेल तर ही युक्ती फसते. नांगर कडीपर्यंत वर येतो, पण होडी थांबली की घसरून परत खाली. साखळी असेल तर ती कडीच्या दुसऱ्या बाजूला लोंबते आणि नांगराला तोलून धरते. म्हणून साखळीचं वजन नांगराच्या जवळपास असावं. दोर नायलॉनचा घेतला, तो बुडतो. स्वस्तातला पिवळा-निळा दोर तरंगतो आणि तरंगणारा दोर इंजिनाच्या पंख्याच्या वाटेला जातो.

पहिल्यांदा केलं ते अष्टमीच्या आसपास, सकाळी, वारा उठायच्या आत. अमावास्या-पुनवेच्या उधाणात तेरेखोल नदीचं पाणी सुकतीला फार जोरात बाहेर पडतं आणि समोरून लाट आली की मुखापाशी पाणी उभं राहतं. नवी गोष्ट शिकायची ती जागा नव्हे.

इंजिन चालू केलं. दोर नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, खुंटाला पक्का बांधलेलाच होता. कडी दोरात अडकवून बोया पाण्यात सोडला. होडी नांगराच्या मागे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभी असते, म्हणून आधी प्रवाहावर चढायचं. पण सरळ दोरावरून नव्हे, दोर एका अंगाला ठेवून, तिरकं. मी दोर उजव्या हाताला ठेवला, कारण मी इंजिनाच्या दांड्याशी बसतो तिथून ती बाजू नीट दिसते. बोया शेजारून मागे गेला, दोर होडीपासून फाकलेला राहिला. इथेच खरी कसोटी आहे: मान पुढे आणि डोळा मागे. दोर होडीखाली वळताना दिसला की तत्काळ न्यूट्रल. पुढची पाहणी बापूंकडे, कारण आसपास दुसऱ्यांची जाळी लागलेली असतात. निशाणाच्या काठ्या आधीच हेरून ठेवाव्या लागतात, नाहीतर आपला नांगर दुसऱ्याच्या जाळ्यात आणि भांडण आपल्या दारात.

नांगर मागे पडला तसा वेग थोडा वाढवला. दोर ताणला आणि बोया दिसेनासा झाला.

"बोयो बुडलो!" बापू ओरडले.

तो बुडायलाच हवा. नांगर चिखलातून सुटेपर्यंत ताण बोयाला खाली ओढतो. काही क्षणांत तो फसकन वर आला आणि होडीमागे फेस उडवत येऊ लागला. नांगर सुटला होता, पण कडीपर्यंत पोचला नव्हता. उतावळेपणा नडतो तो इथे. बोया वर आला म्हणून लगेच थांबलं तर नांगर अर्ध्या पाण्यातून परत तळ गाठतो. आणखी थोडं अंतर त्याच वेगाने गेलं की बोया जड होऊन बसतो, उड्या मारणं थांबवतो. मग वेग कमी करून वळसा घ्यायचा, इंजिन न्यूट्रलला टाकायचं आणि बसल्या जागी दोर गोळा करायचा. वजन असं काही लागतच नाही. शेवटी बोया होडीला टेकतो, नांगर कडीत अडकलेला, साखळी खाली लोंबती. तेवढं काठावरून आत घेणं बापूंनी केलं आणि म्हणाले, "इंजिनाक पेट्रोल लागता, माका नाय."

त्यात तथ्य आहे. दोन-तीन वाव पाण्यात हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही, हाताने लवकर होतं.

रेतीत आणि चिखलात ही पद्धत निर्धोक चालते. खडकाची गोष्ट वेगळी. तांबोशी आणि गोब्रे हे मासे खडकातच असतात, म्हणून तिथे जाणं होतंच. एकदा बोया बुडाला तो वर येईना, आणि नाळ कचकन एका बाजूला ओढली गेली. अशा वेळी वेग वाढवणं म्हणजे होडी उलटवण्याची तयारी. न्यूट्रल करून दोर सैल होऊ दिला, वेगळ्या दिशेने हळू ओढून पाहिलं, तेव्हा सुटला. त्यानंतर खडकासाठी साखळी नांगराच्या बुडाशी शॅकलने जोडून, वर दांड्याच्या टोकाला फक्त बारीक सुतळीने बांधतो. नेहमीच्या ताणाला सुतळी टिकते. नांगर अडकला की जोराने ती तुटते आणि ओढ बुडाकडून बसते, म्हणजे ज्या वाटेने फाळ घुसला त्याच वाटेने बाहेर येतो. रात्री नांगरावर राहायचं असेल तर मात्र सुतळीचा भरवसा धरू नये.

नवख्यांना बापूंचा एक दंडक सांगतो, तो मीही पाळतो. हा दोर मागच्या बाजूला, इंजिनाशेजारी कधीही बांधायचा नाही. अडकलेला नांगर लहान होडीची पिछाडी खाली ओढतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं. लाइफ जॅकेट अंगात आणि धारदार सुरी हाताशी हवीच. दोर कापावा लागला तर तो बोयाच्या अलीकडे कापायचा आणि उरलेलं टोक कडीत गुंतवून सोडायचं. नांगर तळाशी राहिला तरी बोया जागा दाखवतो, आणि समुद्र निवळल्यावर तो आणायला परत जाता येतं.