खंडाळ्याच्या कातळापर्यंत

आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, वारी म्हणजे अलिबागजवळचं खंडाळं. घाटातलं खंडाळा नव्हे, पेण रस्त्यावरचं. तिथे सागावच्या बाजूला काळा कातळ आहे आणि त्यावर रथाच्या चाकांच्या, घोड्यांच्या टापांच्या खुणा. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, अग्निरथातून स्वर्गात जाताना रथ इथे टेकला, असं आमची जुनी माणसं सांगत आली. शास्त्राप्रमाणे ती गोष्ट यार्देन नदीपलीकडे घडली, हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक असतं. तरी शेवाट या ज्यू महिन्याच्या १५ तारखेला, तू बिश्वातच्या सणाला, उरूस भरतोच.

बहुतेक मंडळी गाडीने जातात. मी इस्रायल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगपासून चालत निघते. यंदा ठाण्याचा भाचा बरोबर होता.

पोरगं मनापासून धर्माकडे वळलं होतं. रोज सकाळी प्रार्थनेला हाताला-कपाळाला बांधायच्या तेफिलीनच्या पेट्या, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, फोन बंद, बाहेर मांसाला हात नाही. मग नवी नोकरी, शनिवारची शिफ्ट. एक शब्बाथ गेला, पाठोपाठ पुढचे गेले, आणि लाजेपोटी तेफिलीनही पिशवीतच राहू लागलं. "एवढं मोडल्यावर आता कशाला सोंग, मावशी?" चेंढरे मागे पडलं तरी त्याचं हेच चाललं होतं.

मी म्हटलं, आपण ज्याच्या दर्शनाला चाललोय त्याचं काय झालं होतं ते आठव. कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर ज्याच्या हाकेला आकाशातून अग्नी उतरला, तोच एलियाहू ईझबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपाने पळत सुटला. बेरशेबाला चाकराला मागे ठेवलं, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला खडसावलं नाही. तो झोपला. देवदूताने हात लावून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. खाल्लं आणि परत आडवा झाला! देवदूत दुसऱ्यांदा आला: ऊठ, खा, वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. त्या जेवणाच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री होरेब डोंगरापर्यंत चालला. प्रवचनात रथाचं वर्णन रंगवून करतात. मला मात्र हा झुडपाखालचा प्रसंग जास्त आवडतो. त्यात नाबी आपल्यातला वाटतो.

भाचा काही बोलला नाही. रस्त्याकडेला वालाच्या शेंगा विकायला बसलेल्या बाईकडून त्याने शेरभर घेतल्या, घासाघीस न करता.

थोड्या वेळाने मी रांबामचं, आपल्या मध्ययुगातल्या थोर धर्मपंडिताचं, काढलं. पाप चाखून पुन्हा वळलेला माणूस जिथे उभा राहतो, तिथे जन्माचा नीतिमानही उभा राहू शकत नाही, असं आपले हाखाम, म्हणजे जुने धर्मज्ञ, म्हणाले. रांबाम त्याचं कारण देतो: चव माहीत असून सोडायला जास्त झगडावं लागतं.

"रांबामला शनिवारची शिफ्ट नव्हती."

ते खरं. पण बाकीचे दिवस? इजिप्तमधल्या फुस्तातहून रोज कैरोला सुलतानाकडे वैद्यकी, भुकेला परत यावं तर दारात रोग्यांची गर्दी, रात्री बोलायचंही त्राण नाही. हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. यावर पोरगं पहिल्यांदा हसलं.

कातळापाशी मलिद्याची ताटं मांडलेली होती. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी आणि खजूर. आशीर्वाद झाले, सगळ्यांनी 'एलियाहू हनाबी' हे गाणं म्हटलं. माझ्या शेजारच्या आजींनी भाच्याच्या हातावर मूठभर मलिदा ठेवला. त्याने तो संपवला तशी आणखी एक मूठ ठेवत म्हणाल्या, "चालत आलास ना? मग खा की." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

खुणांवर हात टेकून आल्यावर त्याने विचारलं, "मावशी, तेफिलीन सूर्यास्तापर्यंत चालतं ना?"

"चालतं. आहे कुठे?"

"तुझ्या घरी. बॅगेत."

परतताना पण चालायचं ठरलं होतं. घड्याळ बघितलं आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने उरुसाचा भाव सांगितला. मी वाद घालायला तोंड उघडलं, तोवर भाचा आत बसून शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन "चला, चला" म्हणत होता.