तुम्ही विचारलंत म्हणून: एका काठीचे एवढे पैसे?

भाव ऐकला की माणूस आधी पूल खेळायच्या काठीकडे, म्हणजे क्यूकडे बघतो, मग माझ्याकडे. मग प्रश्न येतो, "एका काठीचे एवढे पैसे?" काही जण हसत विचारतात, काहींच्या आवाजात आपण फसवले तर जात नाही ना अशी शंका असते. पूलच्या क्यू मागणीप्रमाणे हातानं घडवायच्या, हे काम मी बावीस वर्षं करतोय. या प्रश्नाला आजवर इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत की ती एकमेकांशी जुळत नाहीत. आता एकदाच सगळं लिहितो. तुम्ही खेळणारे आहात, तरी एका ओळीत सांगतो: शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, बट म्हणजे मागचा जाड भाग, आणि दोन्ही जिथे जोडतात तो जॉइंट.

सुरुवातीला मी तास सांगायचो. इतके तास लेथवर, इतके चिकटवण्यात, इतके पॉलिशमध्ये. एकदा एका गिऱ्हाइकानं शांतपणे विचारलं, "तुमचा हात सावकाश चालतो, त्याचे पैसे मी का भरू?" मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. त्याच्या हातात तास येत नाहीत, क्यू येते. त्या दिवसापासून मी तासांचा हिशेब सांगणं सोडलं.

माझ्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा आहे तो न झालेल्या क्यूंचा.

शाफ्टचंच बघा. कठीण मेपलचा साधारण इंचभर जाडीचा दांडा घ्यायचा आणि टोकाला 13 मिलीमीटरपर्यंत आणायचा. लेथवर हे अर्ध्या तासात होतं. पण तसं केलं तर महिन्याभरात तो शाफ्ट टेबलावर लोळवताना उड्या मारायला लागतो. झाड वाढताना वाऱ्याला आणि उताराला तोंड देत उभं असतं. तो ताण लाकडात मुरलेला असतो. वरचा थर निघाला की आतलं लाकूड सैल होतं आणि आपल्या मर्जीनं वळतं. म्हणून एका वेळी मिलीमीटरभरही काढायचं नाही. थोडं काढायचं, टोकावर पेन्सिलीनं तारीख घालायची, उभं टांगायचं आणि त्याला हात लावायचा नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, पुन्हा लेथवर चढवायचं. फिरताना मधे थरथर दिसली तर तो दांडा बाजूला. असे सात-आठ हात द्यावे लागतात. मी दहा दांडे टांगले तर शाफ्ट म्हणून तीन-चार उतरतात. बाकीच्यांत कुठे वाक निघतो, कुठे लाकडाच्या रेषा तिरप्या होऊन कडेला निसटतात, कुठे शेवटच्या हाताला आतून काळा डाग वर येतो. ज्यांना चांगला शाफ्ट मिळतो, ते त्या सहा-सातांचेही पैसे भरतात. हे ऐकायला बरं वाटत नाही, मला माहीत आहे. पण दुसरं कोण भरणार?

आता जे कबूल करायचं मी अनेक वर्षं टाळलं, ते सांगतो. टिप, म्हणजे शाफ्टच्या टोकावरची चामड्याची गादी, बॉलला लागते ती साधारण एक सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात क्यूचा पुढचा वीतभर भागच काय तो आडव्या धक्क्यात सामील होतो. साइड मारल्यावर, म्हणजे बॉलच्या मध्याऐवजी कडेकडे मारल्यावर, बॉल रेषेतून किती सरकतो, ते त्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं. मागची नक्षी, रंगीत व्हिनिअर, शिंपल्याचं जडावकाम, यातलं काहीही बॉलपर्यंत पोचत नाही. माझ्या सगळ्यात साध्या आणि सगळ्यात महाग क्यूचा शाफ्ट एकाच टांगणीवरून येतो. जॉइंट घट्ट हवा, मुठीखाली दडलेला दुसरा जोडही घट्ट हवा, नाहीतर मारताना क्यू गुणगुणते आणि हाताला ते सहन होत नाही. वजन आणि तोल तुमच्या हाताला जमला पाहिजे. खेळासाठी लागतं ते एवढंच. महाग क्यूनं खेळ सुधारेल का, असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणतो. कार्बन फायबरचा शाफ्ट वाकत नाही आणि त्याला वर्षभर टांगावंही लागत नाही. ज्याला फक्त बॉल पाडायचे आहेत त्यानं खुशाल तो घ्यावा.

मग वरचे पैसे कशाचे? लाकडाचे काही आहेत. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1990 पासून बंद आहे, त्याचे फेरूल, म्हणजे टिपखालच्या टोप्या, मी कधी केलेच नाहीत. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या त्याच कडक यादीत आहे, आणि 2017 मध्ये रोझवुडची सगळी जातच परवान्यांच्या यादीत आली. कागदपत्रं असलेला जुना तुकडा मिळाला तर त्याचा भाव मी ठरवत नाही, विकणारा ठरवतो. पण माझ्याकडच्या बिलात लाकडापेक्षा जास्त वाटा असतो पॉइंटचा.

फोरआर्मवर, म्हणजे बटच्या मूठ ते जॉइंट या भागावर, जॉइंटच्या दिशेनं चढत जाणारे ते भाले तुम्ही पाहिले आहेत. त्यासाठी लाकडात इंग्रजी व्हीच्या आकाराचा तिरका चर पाडतात. त्यात रंगीत व्हिनिअरचे पापुद्रे एकात एक बसवायचे, त्यांचे कोपरे केसाइतकीही फट न ठेवता जुळवायचे, वर पॉइंटचं लाकूड चिकटवायचं, सुकू द्यायचं, आणि मग पुढच्या चराला हात घालायचा. चारही झाले की पुन्हा टांगणी आणि पुन्हा थोडं थोडं कातणं. चराचा तळ जिथे वरच्या पृष्ठभागाला भेटतो, तिथे पॉइंटचं टोक येतं. माझ्या मापात चर तीस मिलीमीटर पुढे गेल्यावर एक मिलीमीटर उथळ होतो. म्हणजे लाकूड मध्यापासून एका कागदाच्या जाडीइतकं, दशांश मिलीमीटर, सरकलं तर एका बाजूचं टोक तीन मिलीमीटर लांबतं आणि समोरचं तीन मिलीमीटर आखडतं. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, हेच चित्र वरून कोरून बसवता येतं आणि चारही टोकं सारखी येतात. कटर गोल असल्यामुळे ती थोडी बोथट राहतात, इतकंच. त्यात कमीपणा काही नाही, जडावकामासाठी ते मशीन मीही वापरतो. पण चरातले पॉइंट सारखे यायचे तर लाकडानं वर्षभर जागा सोडता कामा नये, आणि लाकडाकडून तसा शब्द घेता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. वयानं बरेच मोठे, मी त्यांना काका म्हणायला लागलो. तरुणपणापासून खेळत होते, पण स्वतःची म्हणावी अशी क्यू कधी घेतली नव्हती. पैसे साठवून आले होते. बर्ड्सआय मेपलचा फोरआर्म, आबनुसाचे चार पॉइंट, प्रत्येकाला चार व्हिनिअर. रंग त्यांनी स्वतः निवडले, दोनदा बदलले, मग पुन्हा पहिलेच घेतले. चौदा महिने थांबले. दर महिन्याला फोन करायचे, पण क्यू कधी होणार असं एकदाही विचारलं नाही. विचारायचे, "लाकूड कसं आहे?"

शेवटचा हात मी रात्री दिला. टूल पुढे सरकत होतं आणि टोकं एकेक करून वर येत होती. तीन एका रेषेत आली. चौथं पाच मिलीमीटर खाली थांबलं.

पुन्हा मध्य धरून कातायला जाडी उरली नव्हती. त्या फळीतला तो शेवटचा तुकडा होता. टाकून द्यायचा तर काकांना आणखी वर्षभर थांबवावं लागणार, आणि लाकूडवाल्याची उधारी डोक्यावर होती. मी त्या रात्री स्वतःला जे समजावलं ते आजही शब्दाला शब्द आठवतं: चारही टोकं एका वेळी कोणालाच दिसत नाहीत. हे खरं आहे. क्यू फिरवल्याशिवाय समोरासमोरची टोकं पडताळता येत नाहीत. मी फिनिशचे थर दिले, घासून चकचकीत केली आणि दिली. पूर्ण पैसे घेतले. काकांनी ती दोन्ही तळव्यांवर आडवी धरली आणि बराच वेळ तशीच धरून उभे राहिले.

तीन वर्षांनी ते टिप बदलायला आले. मी टिप कापत असताना बट उचलून त्यांनी अंगठा नेमका त्या आखूड टोकावर ठेवला. म्हणाले, "हे एक जरा लहान आहे बघ. मी सगळ्यांना दाखवतो. म्हणतो, ही हाताची खूण आहे. मशीननं केली असती तर चारही सारखी आली असती."

मी मान हलवली. टिपचे पैसे घेतले नाहीत. ते का घेत नाहीस म्हणून विचारत राहिले आणि मी काहीतरी सांगितलं.

पुढचा महिना मला नीट काम करता आलं नाही. शेवटी त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. "काका, ती खूण नाही, चूक आहे. मला त्याच रात्री दिसली होती."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "तेव्हा सांगितलं असतंस तर काय केलं असतंस?"

म्हटलं, नवीन करून दिली असती. नाहीतर पैसे कमी घेतले असते.

"किती कमी?"

मला उत्तर देता आलं नाही. मी खरंच मनात आकडा शोधत होतो. लाकूड तेच, काम तेवढंच, खेळायला काडीचाही फरक नाही. पाच मिलीमीटरचे किती वजा करायचे? निम्मा भाव मी पॉइंटचाच लावला होता. म्हणजे निम्मे परत? की काहीच नाही, कारण तीन वर्षं त्यांना त्या टोकाचा अभिमान वाटत होता? काकांनी क्यू दोन भागांत सोडवली, केसमध्ये घातली आणि चेन लावली. मी नवीन फोरआर्म फुकट करून देतो म्हटलं. "बघू," म्हणाले. ते अजून खेळतात असं ऐकतो, पण क्लबातल्या भिंतीवरची क्यू घेऊन.

तेव्हाच्या मला मी अनेकदा जाब विचारतो. तो म्हणतो, गप्प बसला असतास तर म्हाताऱ्याचा आनंद टिकला असता, बोलून फायदा झाला तो तुझाच. मी म्हणतो, ती क्यू दुकानाबाहेर जायलाच नको होती. काही महिने मला त्याचं पटतं, मग पुन्हा माझं पटतं. एक मात्र बदललं. आता टोकं जुळली नाहीत तर तो तुकडा मी त्याच क्षणी करवतीनं आडवा कापतो, उधारी आठवायच्या आत. त्यामुळे न झालेल्या क्यू वाढल्या आणि माझा भावही वाढला. आणि तुम्ही मनापासून विचारताय म्हणून हेही सांगतो: पाच मिलीमीटर आखूड टोकाची क्यू कमी भावात आनंदानं घेणारे पुष्कळ असतील. मी त्यांना कधी विचारलेलं नाही. मी काकांचं देणं इतर गिऱ्हाइकांकडून वसूल करतोय का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

नावाचेही पैसे असतात, हे सोडून चालणार नाही. जॉर्ज बालाबुश्का 1912 मध्ये रशियात जन्मला आणि 1959 पासून 1975 मध्ये मरेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये क्यू बनवत राहिला. त्यानं ज्या भावात त्या विकल्या, त्याच्या कित्येक पट आज मोजले जातात. आणि त्याच्या कितीतरी क्यूंचे पॉइंट त्यानं केलेलेच नाहीत. आधी ब्रन्स्विक कंपनीच्या टिटलिस्ट क्यूंचे तयार तुकडे, पुढे बर्टन स्पेन आणि नंतर गस झाम्बोटी या दुसऱ्या कारागिरांचे. हे कळलं तेव्हा मी चिडलो होतो. जे काम मी सगळ्यात अवघड मानत होतो ते दुसऱ्याचं, आणि नाव याचं! आता तसा चिडत नाही. आपल्या हाताखालून काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, हे ठरवणंही एक काम आहे, आणि लोक कदाचित त्याचेच पैसे देतात. पण मग माझ्याकडून जी गेली, तिचे मी कशाचे घेतले?

काकांसाठीचा नवीन फोरआर्म मी त्याच महिन्यात भरला होता. चार चर, आबनूस, तेच चार रंग. जवळजवळ सात वर्षं तो टांगलेला आहे. टोकावरच्या तारखांना आता जागा उरलेली नाही. शेवटचा हात अजून दिलेला नाही, म्हणजे टोकं वर आलेली नाहीत आणि ती सारखी आहेत की नाहीत हे मलाही माहीत नाही. काका आले की त्यांच्यासमोर देईन असं ठरवलं आहे. गेल्या महिन्यात एकानं टांगणीवर तो पाहिला आणि भाव विचारला. तो काकांचा आहे, एवढंच सांगितलं.